मोटार ताईची, सही गजेंद्रची

सिंदी (रेल्वे)
३० ऑगस्ट २००३

गजेंद्र,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, तो विसरले म्हणून नव्हे. पत्र मंदाच्या हाती पडलं तर तिनेही वाचावं, माझी हरकत नाही. बायकोपासून लपवण्यासारखं काही केलं असशील तर ते तू केलंस, मी नाही.

फोन करत नाही, कारण फोनवर तुला सोयीने ऐकू येतं. परवापासून जितक्या वेळा लावला तितक्या वेळा तू "हॅलो, हॅलो, ताई, आवाज नाई येऊन राह्यला" म्हणून ठेवून दिलास. पिपरी मेघे काही अमेरिकेत नाही. वर्ध्यापर्यंत एसटी, पुढे ऑटो, की तुझं फाटक. पण तुझ्या फाटकाशी उभं राहून ओरडायचं माझं वय नाही आणि शेजाऱ्यांना फुकटचा तमाशा दाखवायची हौसही नाही. म्हणून कागद. शेजारच्या विमलाबाईचा लेक सचिन वर्ध्याला ऑटो चालवतो, तो तुझ्या हातात आणून देईल. आवाज येत नाही असं त्याला सांगू नकोस.

मोटार कुठे आहे, हे मी तुला विचारत नाही. मला ते कळलं आहे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, तेवढीही लाज तू राखली नाहीस.

आपल्या घरी मोटारीला बैलाचा मान आहे. बाबांनी दमणी आणि तिची बैलजोडी विकून लँडमास्टर घेतली, तेव्हा आई म्हणाली होती की बैल गेले तर त्यांचा पोळा मोटारीला लागू. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी बोनेटला हळद-लोणी लावायचं आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तसं आपण इंजिन सुरू करत नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, गावभरची पोरं आपापले लाकडी नंदी घेऊन निघतात, आणि आपला मोठा नंदी मोटारीला दोर बांधून सगळ्यांच्या पुढे निघतो. हे तुला मी सांगायला नको. त्याच मोटारीच्या टपावर बसून तू लहानपणी बत्तासे वाटलेस.

आणि हेच तू माझ्यावर वापरलंस. बरोबर पोळ्याच्या दिवशी आलास. ओढून न्यायची गाडी सोबत. "ताई, बैलाचे शिंगं रंगवतो का नाई आपण? मंग मोटारीले काऊन नाई? रंग मारून आणतो, उद्या सकाळी दारात उभी." मी म्हटलं, आज सुरू करायची नाही. तू म्हणालास, "म्हणूनच तं ओढाले गाडी आणली." माझे डोळे भरून आले, गजेंद्र. म्हटलं, बंगला बांधला, गाव सोडलं, पण घरचा नेम विसरला नाही. मी स्वतः तिला हार घातला. पुरणपोळीचा घास बोनेटवर ठेवला. तू कागद मागितलेस, रस्त्यात कोणी अडवलं तर लागतील म्हणून, तेही फडताळातून काढून दिले.

दुसऱ्या दिवशी नंदी दारात आणि पोरं त्याच्याभोवती ताटकळत उभी. शेवटी त्यांनीच दोर हातात घेतला आणि ओढत नेला. मी ओट्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, रंगवायला गेली आहे, वाळायची असेल.

काल सचिन आला. उंबऱ्याच्या आत येईना. म्हणाला, "मावशी, तुमची मोटार भंगाराच्या यार्डात उभी आहे. बोनेटवर हयद तशीच हाय."

मला उत्तर पाठव. लेखी.

लीला


२ सप्टेंबर २००३

गजेंद्र,

तू उत्तर पाठवलं नाहीस, म्हणून मी स्वतः जाऊन आले. सोबत विमलाबाई होती. वर्ध्याच्या बाहेर, जुन्या जिनिंगच्या मागे ते यार्ड आहे. तिथला धर्मेंद्र नावाचा माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, चहा मागवला, आणि सरकारने काय सोय करून ठेवली आहे ते मला लेकराला समजवावं तसं समजावलं. पंधरा वर्षांवरची गाडी मोडीत घाला, जमा केल्याची पावती घ्या, नव्या गाडीच्या करात सूट मिळवा. दारावर फलक आहे, त्यावर हिरवं झाड काढलं आहे. झाडाखाली पत्र्यांचा ढीग.

तिथे कोण कोण आहे सांगू? आपल्या जुन्या डॉक्टरांची फियाट आहे, जिच्या मागच्या काचेला अजून लाल प्लस आहे. एक हेराल्ड आहे. एक लांबलचक शेव्हरोले आहे, कुठल्या मालगुजाराची असेल, तिच्या सीटवर कोंबडी बसली होती. आपली ओढून आणलेली सोडली तर बाकी सगळ्या आपापल्या चाकांवर चालत आल्या आहेत. मेलेली गाडी ते घेत नाहीत, धर्मेंद्रने अभिमानाने सांगितलं. चालती असेल तरच सूट. म्हणजे जिने आयुष्यभर नीट चालायचं काम केलं तिलाच कापायचं, आणि जी कुठे गोठ्यात सडते आहे तिने सडत राहायचं. हा हिशोब ज्याने बसवला त्याला मला एकदा समोर बसवायचं आहे. धुराची एवढी काळजी आहे तर आमच्या स्टँडवर येऊन उभं राहावं आणि एसटी सुटताना श्वास घेऊन दाखवावा.

पण सरकारचं मला नवल नाही. सरकार माझा भाऊ नाही.

मी म्हटलं, ही मोटार चुकून आली आहे, मी परत न्यायला आले. धर्मेंद्रने कागद पाहिला. "मालक कोन?" मी म्हटलं, गजेंद्र पुंडलिकराव. "मंग तुमी कोन?" मी म्हटलं, चालवणारी.

तो हसला नाही. विमलाबाई मात्र तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

तू अठरा वर्षांचा झालास तेव्हा बाबांनी मोटार तुझ्या नावे केली. मी तोवर सात वर्षं ती चालवत होते. मी विचारलं, तर बाबा म्हणाले, "लीले, तुह्या नावानं केली तं जावई घेऊन जाईन." जावई मला घेऊन गेले आणि मोटार इथे राहिली. तुला तिचा गियर कधी समजलाच नाही. स्टिअरिंगच्या दांड्याला गियर असतो हे तुला विचित्र वाटायचं, दोनदा कुंपणात घातलीस आणि सोडून दिलंस. पण नाव तुझं. मग तीन वर्षांनी मी हिंगणघाटहून परत आले, ती त्याच मोटारीत. बाबा न्यायला आले होते. त्या घराच्या दारात त्यांनी मला पाहिलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसले. त्या तीन वर्षांबद्दल मी कधी बोलले नाही, आताही बोलत नाही. एवढंच सांगते की गावात शिरताना लोकांनी पाहिलं ते असं, की पुंडलिकरावांची लेक मोटार चालवत आली. टाकलेली बाई आली असं कोणी म्हणालं नाही. मोटारीने माझ्यासाठी काय केलं असं कोणी विचारलं तर हे केलं.

आता नेम ऐक. तुझी नवी गाडी शोरूममधून निघेपर्यंत जुनी परत घेता येते. फक्त तू यायचं आणि सही करायची. नवी दारात आली की जुनी सरकारची. गणपती उठले की कोणी साहेब येणार आणि त्याच्यासमोर कापणार. पावती रद्द होईल, सूट जाईल, नवी गाडी थोडी महाग पडेल. तुला परवडेल ते.

ये आणि सही कर. मी पुन्हा या विषयावर बोलणार नाही, हा माझा शब्द.

लीला


५ सप्टेंबर २००३

गजेंद्र,

तुझं उत्तर मिळालं. मयुरीच्या अक्षरात का? लेकीला मध्ये घालायची काय गरज होती? तुझा हात मोडला आहे का? पत्र विमलाबाईने वाचून दाखवलं, माझा चष्मा सापडत नव्हता.

"ताईने उन्हाळ्यात शाळेसमोर एका पोराच्या सायकलवर मोटार घातली." गजेंद्र, सायकल चिंचेखाली स्टँडवर उभी होती. सायकलवर कोणी नव्हतं, हे तुला ज्याने सांगितलं त्याने सांगितलं नाही काय? चाक वाकलं, मी नवीन बसवून दिलं. पोराने मला नमस्कार केला. तुझ्यापर्यंत जाईतो त्या सायकलवर पोरगं बसलं आणि पुढच्या फेरीत ते मरेलही. "पानठेल्याच्या खांबाला लागली." खांब रस्त्यात रोवला आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. "डॉक्टरांनी ताईला लायसन्ससाठी सर्टिफिकेट दिलं नाही." हे तुला कोणी सांगितलं, ते मला हवं आहे.

"उद्या कोणाचं लेकरू चाकाखाली आलं तर?" हे वाक्य तुझं नाही, मंदाचं आहे. मी ओळखते. तिला विचार, ज्या मोटारीला ती लेकरं मारणारी म्हणते तिच्यात किती लेकरं जन्माला आली. रेल्वेची वेळ नाही, एसटी नाही, आणि बाई कळा देते आहे, तेव्हा गावाने कोणाच्या दाराची कडी वाजवली? सेवाग्रामचा रस्ता मी डोळे मिटून सांगते. विमलाबाईला नेताना पवनारच्या पुलाच्या अलीकडे थांबवावं लागलं होतं. सचिन मागच्या सीटवर झाला. ती सीट मी स्वतः धुतली, आणि तोच सचिन आज तुझ्या फाटकाशी ही पत्रं घेऊन येतो.

बरं, धरून चालू की तू म्हणतोस ते खरं. धरून चालू की मी थकले. मग यायचं होतंस. ओट्यावर बसायचं होतंस आणि म्हणायचं होतंस, ताई, आता किल्ली दे. मी भांडले असते. दोन दिवस जेवले नसते. तुला नाही नाही ते बोलले असते. पण तू माझ्या तोंडावर बोलला असतास. तू तर देवाचं नाव करून आलास, माझ्याच हाताने हार घालून घेतलास, आणि जाताना त्या काळजीतून स्वतःसाठी नवी गाडीही काढलीस. माझी काळजी होती तर मोटार बंद करायची. सूट कशाला घेतलीस? मोटार गेली याचा राग एक आहे. मला बनवलंस याचा राग वेगळा आहे, आणि तो मोठा आहे.

आता तुझी ती अट. तू सही करशील, पण मोटार पिपरीला नेशील, इंजिन उतरवून पोर्चमध्ये उभी करशील, आणि मी पुन्हा कधी कोणतीच गाडी चालवणार नाही असं तुला लिहून द्यायचं. तू मला काय समजलास? इंजिन काढलेली मोटार म्हणजे मोटार नाही. मंदा तिच्यात मनीप्लँट लावेल, पाहुणे तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतील आणि तू सांगशील, आमच्या वडलांची. बाबांनी ती चालायला घेतली होती.

नाही. लिहून देणार नाही. पोर्च तुलाच लखलाभ.

मयुरीला सांग, अक्षर छान आहे आणि बापाचं ऐकून आत्याला असली पत्रं लिहू नयेत.

लीला


७ सप्टेंबर २००३

गजेंद्र,

परवाचं पत्र गेलं आणि मी दोन रात्री झोपले नाही. तुझ्यावरचा राग जराही उतरलेला नाही, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुझा गैरसमज होईल.

चष्मा सापडत नव्हता हे खोटं. चष्मा नाकावर होता. मयुरीचं अक्षर मला दिसलं नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, डावा त्याच्या मागे आहे. समोरून ऊन आलं की माणूस दिसत नाही, माणसाच्या जागी पांढरं काहीतरी हलतं. हे पत्र मी सांगते आहे आणि विमलाबाईची सून लिहिते आहे, तिने शपथ घेतली आहे. गावात कोणाला माहीत नाही. तुला कळलं, आता मंदाला कळेल, आता पिपरीभर होईल. होऊ दे.

तर ऐक. मी सेवाग्रामला ऑपरेशन करून घेते. दोन्ही डोळ्यांचं. तोवर मोटार इथे शेडमध्ये उभी राहील, आणि किल्ली तुझ्याकडे, दुसरी किल्लीही पाठवते म्हणशील तर. डोळे बरे झाले की मी रीतसर चाचणी देईन. साहेब नापास करेल त्या दिवशी मी स्वतः मोटार विकेन, चालवणाऱ्याला विकेन, आणि तुझ्या नावावर असल्यामुळे पैसेही तू घे. यापेक्षा जास्त मी वाकू शकत नाही. साठीला आले, आतापर्यंत कोणापुढे एवढीही वाकले नाही. ज्याच्यापुढे वाकायला पाहिजे होतं त्याच्यापुढेही नाही, म्हणून तर परत आले.

इंजिन मात्र जागेवर राहिलं पाहिजे. एवढीच माझी अट.

परवा अनंत चतुर्दशी. तुला उद्याचा दिवस आहे. यार्डात जा, सही कर. मला कळवूही नकोस, सचिन सांगेल.

लीला


९ सप्टेंबर २००३

गजेंद्र,

सचिन सांगून गेला. तुझ्या फाटकात नवी गाडी उभी आहे, चंदेरी रंगाची. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आहे, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं म्हणे. मंदा फाटकापाशी उभी राहून पेढे वाटत होती. सचिनलाही दिला. त्याने तो खाल्ला नाही, इथे आणून माझ्यासमोर ठेवला, आणि मी कुत्र्याला घातला.

माझं परवाचं पत्र घेतलंस आणि वाचलंस. सचिनने तुझ्या हातात दिलं, तू फाटकाशी उभा राहून ते उघडलंस, तो म्हणतो. माझ्या डोळ्यांबद्दल वाचलंस. त्यानंतर तू काय केलंस ते मला माहीत नाही, आणि आता कळून घ्यायचंही नाही.

उद्या दुपारी कापणार आहेत. मी जाते आहे. तू येऊ नकोस.

लीला


१३ सप्टेंबर २००३

गजेंद्र,

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, ओळी एकमेकींवर चढल्या असतील, लावून घे. हे दुसऱ्याच्या हाताने लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी काय झालं हे तू पाहिलंस. पण तू बाहेरून पाहिलंस, म्हणून मी लिहिते.

आम्ही पोचलो तेव्हा शेव्हरोले कापून झाली होती. मग आपल्या मोटारीची पाळी. चार माणसं ढकलत होती आणि ती हलत नव्हती. गियरमध्ये होती. धर्मेंद्र आत शिरून खाली, सीटच्या मध्ये, सगळीकडे गियर शोधत होता. एक म्हणाला, "साखळी लावा अन् ओढा, तशीही मोडायचीच हाय." साखळी आणलीही. मी म्हटलं, हटा.

कोणी मला अडवलं नाही. बहुतेक त्यांनाही ओढायला जिवावर आलं असावं. धर्मेंद्र म्हणाला, "बाई, शेडपर्यंतच हो." दुसरी किल्ली माझ्या पिशवीत होतीच, ती पाठवायची वेळ तू येऊ दिली नाहीस. बॅटरी उतरली होती. सचिनने पुढे हँडल लावून फिरवलं, तिसऱ्या फेऱ्याला ती सुरू झाली. विमलाबाई न विचारता बाजूला येऊन बसली. मी तिला म्हटलं, उतर, मला दिसत नाही. ती म्हणाली, "मले माईत आहे. दोन वर्सापासून माईत आहे. चाल."

दोन्हीकडे पत्र्यांचे ढीग आणि मधून वाट. ऊन सगळ्या पत्र्यांवरून माझ्या तोंडावर येत होतं. मला खरंच काही दिसत नव्हतं. बोनेटचं टोकही नाही. मी पहिल्या गियरवर सरकत होते, आणि मग कोणीतरी पुढे आलं. पांढरा सदरा. उलट्या पावलांनी चालत, दोन्ही हात वर धरून मला वाट दाखवत. मला वाटलं यार्डातला माणूस असेल. मी त्या पांढऱ्यावर नजर ठेवली आणि गेले. तो डावीकडे झाला की डावीकडे, उजवीकडे झाला की उजवीकडे. बरी चालवली मी, गजेंद्र. एका पत्र्यालाही लागली नाही.

मग तू बोललास. "येऊ दे. जराशीक डाव्या हाताले घे, ताई."

मला तोवर राग आवरला होता. खरं सांगते, मोटारीत बसल्यावर, ती सुरू झाल्यावर, मी शांत झाले होते. तुझा आवाज ऐकला आणि सगळं परत आलं. पोळ्याच्या दिवशीही तू याच आवाजात बोलला होतास. असाच मऊ, ताई, ताई म्हणत. त्या आवाजाने मोटार माझ्या अंगणातून बाहेर काढली, आणि तोच आवाज आता तिला शेडमध्ये घालायला मला वाट दाखवत होता.

नंतर तू म्हणालास, "ताई, तुही चिठ्ठी भेटली अन् मी तसाच शोरूममंधी गेलतो. गाडी सकायीच निघालती. मी म्हटलं वापस घ्या, तं नाई म्हणे." असेलही. सचिननेही सांगितलं की पत्र दिलं त्याच्या आधीच गाडी दारात आली होती. मी तुला खोटारडा म्हणत नाही. पण त्या आधी तीन पत्रं गेली होती. त्यांत डोळ्यांचं काही नव्हतं, म्हणून त्यांचं मोल नव्हतं काय? आंधळ्या बहिणीची दया आली, डोळस बहिणीचं म्हणणं ऐकावंसं वाटलं नाही. तू रडत होतास असं विमलाबाई सांगते. मला दिसलं नाही.

हे सगळं मी तुला फोनवरही सांगितलं असतं. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्या गोष्टीसाठी.

शेडमध्ये तू मागे मागे गेलास आणि मागचा लोखंडी खांब तुझ्या पाठीला लागला. मी तो आवाज ऐकला. तू थांब म्हणाला नाहीस. बाजूलाही झाला नाहीस. हात वर धरून तसाच उभा राहिलास. जिच्या डोळ्यांवर तुझा विश्वास नाही, जिच्या चाकाखाली लेकरं येतील म्हणून तू मोटार भंगारात घातलीस, तिच्याच मोटारीसमोर पाठ टेकून उभा राहिलास. का? मला हे कळत नाही, आणि त्या दिवसापासून दुसरं काही सुचतही नाही.

माझा पाय ब्रेकवर उशिरा गेला. विमलाबाईने माझा दंड धरला तेव्हा गेला. बंपर तुझ्या पायांना टेकला, हे मला धर्मेंद्रच्या ओरडण्यावरून कळलं. मग मी इंजिन बंद केलं, किल्ली तिथेच ठेवली आणि खाली उतरले, आणि सगळे म्हणाले, बिचाऱ्या बाईला दिसत नाही. तूही तेच म्हणालास. माझा हात धरून तू यार्डवाल्यांना सांगत होतास, "तिले दिसत नाई जी, तिचा दोष नाई."

मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. पाय उशिरा गेला तो डोळ्यांमुळे नाही, गजेंद्र. डोळ्यांचा त्यात काही संबंध नव्हता. तू कुठे उभा आहेस हे मला नीट माहीत होतं.

यंदा भाऊबीजेला येऊ नकोस.

लीला